मागच्या उजव्या चाकावर लिहिलेला शब्द

बस्सी पोलीस ठाणे, दि. १३ नोव्हेंबर २००६, दुपारी १२.४०.

नाव जयंत मोरेश्वर कणसे, वय ६४ वर्षे, धंदा सेवानिवृत्त वाहन तपासनीस, मूळ राहणार कोरेगाव, जि. सातारा, सध्या मुलाकडे, राजा पार्क, जयपूर.

मी समक्ष हजर राहून सांगतो की, गॅरेजवाले भँवरलाल, वय ५२, यांच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल होऊ नये यासाठी मी हा जबाब देत आहे. मला हिंदी बोलता येते, निदान कालपर्यंत तसा माझा समज होता. परंतु ज्या शब्दावरून हे सारे घडले तो मराठी असल्याने मी मराठीत सांगत आहे. ठाणेदार साहेबांच्या परवानगीने आमच्या शेजारच्या प्रज्ञाताई हा जबाब लिहून घेत असून सोबत हिंदी तर्जुमा जोडत आहेत.

मी एकतीस वर्षे बसच्या वर्कशॉपमध्ये तपासनीस होतो. जो भाग निकामी, त्यावर पिवळ्या खडूने ‘बाद’ लिहायचे. फिटरने तो काढून नवा बसवायचा. मी लिहिलेला ‘बाद’ कधी कोणी फिरवला नाही.

सन २००१ मध्ये मुलगा अभिजित याची बदली जयपूरला झाली व आम्ही दोघे त्याच्याकडे आलो. घरात बसून करणार काय? मागच्या गल्लीत भँवरलाल यांचे गॅरेज आहे. तेथे मी रोज अकरा ते एक जातो. मी निघालो की पत्नी रत्नप्रभा “निघाले माहेरी” असे म्हणते. भँवरलाल यांच्याशी माझे पाच वर्षांत एकदाही भांडण झालेले नाही. माझा स्वभाव पाहता ही गोष्ट नोंद करण्यासारखी आहे.

शुक्रवार दि. १० रोजी मुलाची व्हॅन गॅरेजमध्ये नेली. साठच्या वर वेग गेला की मागून घरघर येत होती. चारही चाके जॅकवर उचलून मी स्वतः हाताने फिरवून पाहिली. मागचे उजवे चाक वर-खाली धरून हलवले तर खटखट लागली. ड्रम काढला तर आतल्या बेअरिंगचे ग्रीस जळून काळे झालेले. नोकरी सुटल्यावर प्रथमच खडू हाती घेऊन तीन चाकांवर मी ‘ठीक’ लिहिले. चौथ्याच्या रिमवर ‘बाद’ लिहिले आणि जे लिहिले आहे तसे करा, असे सांगून घरी आलो.

शनिवारी सायंकाळी पाच वाजता व्हॅन ताब्यात घेतली. भँवरलाल म्हणाले, “बाऊजी, सब आपके लिखे मुताबिक.” दुसऱ्याचे काम स्वतः पाहिल्याशिवाय मी नोकरीत कधी सही केली नाही. त्या दिवशी पाहिले नाही. कारण त्यांनी पुढे केलेली कचोरी गरम होती आणि माणूस भँवरलाल होते.

रविवारी सकाळी अभिजित व रत्नप्रभा बस्सी येथे एका बारशाला निघाले. गाव दोन किलोमीटरवर असताना बेअरिंग जाम होऊन चाक तिरके झाले. व्हॅन रस्ता सोडून मोहरीच्या शेतात गेली व बांधाला अडली. रत्नप्रभाचे डावे मनगट मोडले. दवाखान्यात मी पोचताच तिने बाळाचे झबले मळले का, ते आधी विचारले. अभिजितने रागाच्या भरात भँवरलाल यांच्याविरुद्ध तक्रार दिली. मुलगा वाईट नाही. आईचा हात मोडल्यावर कोणाचे डोके ठिकाणावर राहते?

आज अकरा वाजता मी साक्षीसाठी येथे आलो. भँवरलाल व्हरांड्यात खाली बसले होते. मी त्यांना चार शब्द सुनावले. ते मी मागे घेतो. अंगणात आणून ठेवलेल्या व्हॅनजवळ उभ्या असलेल्या शिपायाने रिमवरचे अक्षर वाचले व मला विचारले, “बाऊजी, बाद में क्या करना था?”

तेव्हा कोठे मला उलगडा झाला. हिंदीत ‘बाद’ म्हणजे नंतर. लिपी एकच, त्यामुळे वाचताना कोणालाच शंका आली नाही. बाकीची तीन ठीक आहेत आणि हे चाक पुढे कधीतरी बघू, असे भँवरलाल यांनी वाचले.

मी त्यांना विचारले, तुम्हाला खटखट कळली नाही का? ते म्हणाले, “आवाज तो मुझे भी आई थी, बाऊजी. पाना हाथ में ले लिया था. फिर सोचा, आपने लिखा है तो सोच-समझकर ही लिखा होगा.” मग सकाळपासून पोलिसांना हे सांगितले का नाही, असे विचारल्यावर ते खाली बघत म्हणाले, “आपके बेटे के सामने आपकी गलती कैसे निकालता?”

तरी माझ्या दोन चुका झाल्या. शब्दाची चूक परक्या मुलखात होऊ शकते. न तपासता गाडी घेतली, ती चूक तपासनिसाची आहे आणि तिला माफी नाही. अभिजित येथे हजर असून तक्रार मागे घेण्यास तयार आहे. रत्नप्रभाला फोनवर सर्व कळवले असता ती म्हणाली, “भँवरलालजींना घेऊनच या. आणि लाटणं मी उजव्या हातात धरते, तो हात शाबूत आहे.” या वयात मला असा दुसरा मित्र मिळणार नाही. त्यांना माझ्याबरोबर घरी सोडावे.

जबाब प्रज्ञाताईंनी आधी मराठीत व नंतर हिंदीत मोठ्याने वाचला. हिंदी वाचन चालू असताना भँवरलाल यांनी दोन वेळा उठून “गलती मेरी थी, साहब” असे म्हटले व मी त्यांना दोन्ही वेळा खाली बसवले. मी सांगितले ते बरोबर लिहिले गेले आहे. भँवरलाल यांनी सांगितले ते लिहू नये.

(सही) जयंत मोरेश्वर कणसे