सातव्यांदा

लान्चौच्या विद्यापीठात इंग्रजी शिकवणाऱ्या छू बाई कॅन्टीनच्या रांगेत उभ्या होत्या. सोमवारी त्यांनी मियाओ शिनला भर वर्गात एकच शब्द सात वेळा म्हणायला लावला होता. ती रडली, आणि त्यानंतर चार दिवस वर्गात फिरकलीच नाही. आता नेमकी तीच पुढे मैत्रिणीबरोबर उभी होती.

"इंग्रजी सोडलंस म्हणे?"

"कोण म्हणतं?"

"अख्खा वर्ग! बाईंनी रडवलं म्हणून."

"बाईंनी कशाला? अक्कलदाढेनं रडवलं. 'थिंक' म्हणताना जीभ दातांत धरली, की कळ थेट मस्तकात!"

"मग सांगायचं ना त्यांना!"

"तोंड उघडलं तर सांगणार! काल काढली एकदाची."

"बाईंचा राग नाही आला?"

"आला की! पण सातव्यांदा बरोबर आलं होतं गं."

"म्हण बघू."

"थिंक."

"बरोबर!" मागून आवाज आला.

दोघी गर्रकन वळल्या.

"अगं बाई! बाई, तुम्ही कधीपासून..."

"दाढ काढलीय ना? मग तिखट नूडल्सच्या रांगेत काय करतेस?" छू बाईंनी तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "जा, बस जाऊन. पेज आणते मी."