वाघासाठी पाच मिनिटं

मंडळी, चित्त जरा इथं ठेवा. आज मी एकच प्रश्न विचारणार आहे. आपण गारव्यात बसलोय आणि शेजारचा होरपळतोय — तर त्या गारव्याला सुख म्हणायचं की पाप? लगेच उत्तर देऊ नका! आधी ऐका.

मिरजेचे अनंतराव खांबेटे. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. माणूस सज्जन! पत्नी कुमुदिनीबाई. बाईंची दृष्टी दिवसेंदिवस मंदावत चाललेली. डॉक्टर म्हणाले, 'वर्षभर दिसेल, पुढचं सांगता येत नाही.' अनंतरावांनी विचारलं, 'अगं, काय बघायचंय तुला?' आता बाई काय म्हणाव्यात? काशी? रामेश्वर? छे! म्हणाल्या, 'मला रानातला वाघ बघायचाय!'

वाघ दिसतो कधी? भर वैशाखात! रान वाळतं, ओढे आटतात, आणि तो पाणवठ्यावर येतो. म्हणून निघाले दोघं चंद्रपूरकडच्या जंगलात. आणि तयारी काय हो! सैल सुती कपडे, रुंद काठाच्या टोप्या, मानेला गुंडाळायला ओले पंचे, खिशात कांदा, आणि बर्फाची पेटी — तिच्यात पाणी, कोकम सरबत, ताक! वाघाला कळलं असतं तर तोच पेटीत येऊन बसला असता! हसा, हसा. पुढं हसू येणार नाही.

दुपारी तीनला उघडी जिप्सी निघाली. चालवायला रामटेके. त्याच्या शेजारी गाईड, सुगंधा मडावी. तिथल्याच गावची, तिशीतली बाई. सकाळची फेरी करून आलेली, ही दुसरी. जवळ पाण्याची एकच बाटली. चार वाजता ती संपली. तिनं मागं वळून एकदा पेटीकडं पाहिलं. अनंतराव तेव्हा बाईंचा पंचा गार पाण्यात भिजवत होते. तिनं मागितलं नाही. यांनी विचारलं नाही. वाईट होते का हो ते? मुळीच नाही! सुचलंच नाही. मंडळी, आपली निम्मी पापं अशीच घडतात — न सुचून!

पाणवठ्याशी गाडी थांबली. झाडावरची वानरं एकदम खेकसली. सुगंधा कुजबुजली, 'साहेब, वाघ आहे जी. त्या झुडपामागं. आता पाण्यावर येते.' एवढं बोलली, आणि मान कलली! अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा थेंब नाही, तोंडानं भलतंच काहीतरी पुटपुटतेय.

रामटेके घाबरला. 'ऊन लागलं जी हिला! गाडी फिरवतो.'

आणि अनंतराव म्हणाले, 'पाच मिनिटं थांब रे. फक्त पाच. हिला एकदा बघू दे!'

दात-ओठ खाऊ नका! बायकोच्या डोळ्यांसाठी बोलला तो. प्रेमानं बोलला. पण त्या प्रेमाला समोरची मान दिसली नाही.

कुमुदिनीबाईंनी पाणवठ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. 'पोरीला मागं घ्या,' म्हणाल्या. 'ऐकताय ना? आधी मागं घ्या!' दोघांनी तिला उचलून मागच्या बाकावर आडवी केली. बाईंनी पेटी उघडली, पाणी तिच्या अंगावर ओतलं. बर्फ मानेला, बर्फ काखेत. स्वतःचा ओला पंचा सोडून तिच्या छातीवर पसरला. 'चला आता!'

गाडी वळली. मागं झुडूप हललं. रामटेकेला आरशात दिसलं, काहीतरी पिवळं पाण्यात उतरत होतं. हे त्यानं पुढं कितीतरी दिवसांनी सांगितलं. 

जंगलाचं फाटक पाऊण तासावर. अनंतराव वाटभर टोपीनं तिला वारा घालत होते. फाटक जवळ आलं तेव्हा तिनं डोळे उघडले, पाणी मागितलं. घोट घोट प्यायली. दवाखान्यात सलाईन लागलं. वाचली, मंडळी!

दुसऱ्या दिवशी दोघं तिला भेटायला गेले. अनंतराव तिच्या खाटेशी बसले. म्हणाले, 'बाळ, काल मी... मी गाडी थांबवायला सांगितली होती.'

सुगंधा म्हणाली, 'ऐकलं जी मी, साहेब.'

बस! राग नाही, तक्रार नाही. ऐकलं जी मी! अनंतरावांनी हात जोडले, ते त्यांना खाली घेताच येईनात. शेवटी तिनंच ते धरून खाली केले. म्हणाली, 'काकू, तुमचा वाघ राहिला ना?'

राहिला. त्या वर्षात पुन्हा जाणं जमलं नाही, आणि पुढं बाईंचे डोळे गेले. मी स्वतः विचारलं त्यांना, 'बाई, हळहळ वाटते का?' म्हणाल्या, 'वाटते तर! देवाच्या माणसाशी खोटं कशाला बोलू? पण महाराज, ती पेटी तीन वाजल्यापासून माझ्या पायाशी होती. तेव्हा तर मला दिसत होतं! त्याची हळहळ जास्त.'

आता स्वतःकडं या. मांडवात दोन कूलर आहेत. एक माझ्या तोंडावर, एक पहिल्या रांगेवर. आणि त्या कनातीमागं, महाप्रसादाच्या चुलीपुढं, सकाळपासून पाच बायका उभ्या आहेत. मी तासभर इथं वारा खातोय आणि तुम्हाला उपदेश करतोय! मला सुचलं का? तुम्हाला सुचलं का?

नाही, टाळ उचलू नका. गजर नंतर. आधी उठा कुणीतरी — माझ्यापुढचा हा कूलर तिकडं वळवा!