संजूच्या रुखवताचा हत्ती

— अहो नाय नाय, आत्याबाई, त्या खुर्चीवर नका बसू, तिच्यावर हत्ती सुकतोय! पोटाखाली अजून ओला हाय, साडीला चिकटंल. इकडं या, या पलंगावर — थांबा, सुपाऱ्या उचलतो. ही नवरा-नवरी, ही करवली, आणि हा भटजी, याची शेंडी तेवढी लावायची राह्यलीय. बसा आता. काय वेळ बघा, आमच्या होणाऱ्या जावयाच्या, धनेशरावांच्या सख्ख्या आत्या पहिल्यांदा आमच्या घरी येतात, कशेळ्यापासून जीपमधी अंग आंबवून येतात, आणि घरात कोण? तर मी एकटा. आमची मंडळी, गौरा, नि पोरगी संजना कर्जतला गेल्यात, बांगड्या भरायला. तुमी आलात ब्लाउजचं माप न्यायला आणि मापवालीच घरात नाय! येतीलच आता. पाणी घ्या. त्या तांब्यातलं नको हो, त्यात ब्रश बुडवलेत — हे माठातलं घ्या.

बघताय काय? बघा, बघा, रुखवत बघायलाच असतं. सगळं संजनानं केलंय. सगळं म्हणजे सगळं, आपल्या हातानं. मांडवात कुणी विचारलं तर तेच सांगायचं ठरलंय — म्हणजे तेच खरं हाय, म्हणून तेच सांगायचं. हत्ती कसा केला? सोपं हाय हो, घरच्या घरी होतं. रद्दी घ्यायची, बारीक फाडायची. कात्री लावायची नाय बरं का, फाडायचीच, म्हणजे कागदाचा धागा सुटतो. मग ती भिजवायची, वाटायची, त्यात मेथीदाणे वाटून घालायचे, म्हणजे किडा लागत नाय. आमची गौरा ओरडली, बाळंतिणीच्या लाडवाची मेथी हत्तीला घातली म्हणून — तर मी म्हटलं, अगं, आधी लग्न तर होऊ दे! मग तो लगदा पिळायचा, बाटलीवर थापायचा. आत प्लास्टिकची बाटली हाय, पोटावर टिचकी मारा, कळंल. नको, नको मारू, ओला हाय. थर पातळ द्यायचा, एक सुकला की दुसरा. घाई केली की तडकतो. माझा पहिला हत्ती असाच मधोमध फुटला — संजनाचा. संजनाचा पहिला हत्ती. मी आपला बाजूला उभा होतो.

हे बोटांना होय? फेविकॉल हाय तो. डबा उघडून देतो ना तिला, झाकण लई घट्ट बसतं. तुमी ही कमळं बघा, त्यापेक्षा. कशाची असतील सांगा. सांगा, सांगा! पिस्त्याची सालं! गौरा इथल्याच रिसॉर्टच्या किचनमधी कामाला जाते. शनवार-रव्वार मुंबईची माणसं येतात, गच्चीत बसतात, पिस्ते खातात, सालं टाकतात. ती धुवायची, सुकवायची, आतली पाकळी लहान, बाहेरची मोठी, अशी चिकटवत जायची. रंगाला हळद आणि कुंकूच वापरलंय. आता समईखाली ठेवायची म्हणून केलीत, तेव्हा ते पिस्ते लोकांनी कशाबरोबर खाल्ले ते तेवढं विचारू नका. ही सप्तपदी, नारळाच्या करवंट्यांची. ह्या कापसाच्या चिमण्या. या चिमणीची मान वाकडी हाय, पण मला तीच आवडते, काहीतरी ऐकत बसल्यासारखी दिसते.

काय म्हणालात? शिकवील? कुणाला शिकवील संजना? बचत गटाला! कशेळ्याच्या? अरे वा — आणि तुमी तिथं सांगून बी टाकलंत? सगळ्या बायकांना? की आमची सून येतेय, ती सगळ्यांना रुखवत शिकवणार, मग गटाचा स्टॉल लावायचा. वा, वा. धनेशरावांनी सांगितलं होय, की संजनाच्या हातात जादू हाय. हाय की. जादू हाय. पण आत्याबाई, तिला वेळ कुठला हो! खोपोलीच्या हॉस्पिटलात नर्स ती, आज दिवसपाळी तर उद्या रातपाळी. नाय नाय, सुट्टीच्या दिवशी — सुट्टीच्या दिवशी झोपते ती. आणि शिकवणं वेगळं, करणं वेगळं. तिला बोलता येत नाय चारचौघांत. हो, तुमच्याशी फोनवर तासभर बोलते, ते खरं. फोनवर बोलते ती. समोरासमोर लाजते.

ते तोरण धरा ना, धरा हातात, मण्यांचं असलं तरी तुटायचं नाय. ओढून बघा. बघा, हाय का नाय दणकट? मांडवाच्या दारालाच लावणार आमी ते. काय झालं? चष्मा देऊ? गाठ? कुठली गाठ? ती होय, ती आपली साधीच — अहो, असं काय बघताय माझ्याकडं. हां. भाऱ्याची गाठ हाय ती. पीळ द्यायचा नि टोक आत खुपसायचं, भाताचा भारा बांधतात तशी. तुमी बी भातशेतीवाल्या, तुमाला दिसणारच. संजू कुठं शिकली? ती लहानपणी शेतावर यायची ना माझ्याबरोबर, कापणीला, तेव्हा —

नाय. नाय यायची ती. चिखलाला घाबरायची, बांधावरच रडत बसायची. जाऊ दे आत्याबाई. तुमाला खोटं सांगायला मला जमंना. हे संजनानं नाय केलेलं. ती इंजेक्शनची सुई अशी चालवते की माणसाला कळत नाय, पण शिवणाच्या सुईत दोरा ओवायला सांगा, सकाळची संध्याकाळ होईल. गौरानं बी नाय केलं, तिला कुठला वेळ. आता घरात राह्यलं कोण, ते तुमीच बघा. मोबाईलमधली बाई किती नाजूक गाठ मारते, मी दहादा बघितली, पण या बोटांना दुसरी गाठ येतच नाय. समोर मोत्याचे मणी असोत नाय तर आणखी काय, बोटं आपली भाताचा भारा बांधतात.

हसा. हसायचं असेल तर हसून घ्या, मला सवय हाय. नाय हसत? मग ऐका, आता अर्धं सांगितलंच हाय तर. मी रसायनीला कंपनीत होतो, व्हॉल्व्हवर. ती बंद झाली, आमी सगळे घरी. पहिले पहिले बरं वाटलं, झोपलो पोटभर. मग हळूहळू कळायला लागलं की घरात सगळ्यांना काम हाय, मला सोडून. गौरा सकाळी रिसॉर्टवर, संजू हॉस्पिटलात, शेत केवढंसं, ते पावसाळ्यात संपतं. मी ओटीवर बसून रस्त्यानं जाणाऱ्या गाड्या बघायचो. कुणाशी बोलावंसं वाटंना, जेवावंसं वाटंना. अन् एक दिवस गौरानं झाडांच्या बुडात टाकायला पिस्त्याच्या सालांची पिशवी आणली. मी बसल्या बसल्या एकात एक सालं खोचत राह्यलो — आणि बघतो तर कमळ! गौरा चहा घेऊन आली, तिनं बघितलं आणि अशी हसली, अशी हसली, की चहा सांडला. चेष्टेनं नाय हो. आनंदानं. किती दिवसांनी आमच्या घरात कुणी हसलं असंल! दुसऱ्या दिवशी तिनं आणखी मोठी पिशवी आणली.

मग लपवायचं कशाला? तेच तर. नाक्यावर कळलं ना. मला पदू म्हणतात तिथं. पदूला काम मिळालं, पदू बाहुल्या करतो, पदू आता पोलकी शिवणार. मला काय वाटायचं नाय — वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण मी हसण्यावारी न्यायचो. गौराला नाय सोसायचं. साखरपुड्याला धनेशराव आले, शोकेसमधला हंस बघितला, म्हणाले, हे कुणी केलं? मी तोंड उघडणार, तेवढ्यात ही म्हणाली, संजूनं! तिला वाटलं, पोरीच्या सासरी बापाचं हसं नको व्हायला. संजू काहीतरी बोलणार होती, हिनं तिला चिमटा काढला. मी तिथंच उभा होतो, हातात पोह्यांच्या बशा. मी मान हलवली. हो म्हटलं, संजूनंच. त्या दिवसापासून सगळं संजूनं. आता परवा हळद, आणि तेरवा मांडवात टेबलावर हा सगळा संसार मांडला जाईल, तुमच्याकडच्या बायका येतील, वाहवा करतील, आणि मी तिकडं पंगतीत वरण वाढत असेन. पोरीचं नाव होतंय, ते चांगलंच हाय की. माझं काय. फक्त एवढंच वाटतं, आत्याबाई, की एकानं तरी विचारावं आणि मला खरं सांगता यावं. या हत्तीला मी रोज हेच सांगत बसतो, आणि तो आपला कान हलवत नाय.

अहो, अहो, खाली कुठं बसताय! लादी गार हाय — सतरंजी तरी घालू द्या. काय पायजे, सालं? तुमाला करून बघायचंय? बघा. अशी धरा. अंगठ्यानं नाय दाबायचं, फुटंल. फुटली. असू दे, सालांना काय तोटा, परवाच शनवार झाला. दुसरी घ्या. आता ही शेजारी, अर्धी हिच्यावर चढवायची. हां! आता फुंकर मारा, बोटं सोडा... बघा! बघा कशी बसली! तुमचा हात चांगला हाय हो. मी पहिलं केलं तेव्हा ते कोबीसारखं दिसत होतं.

कोण, मी? कशेळ्याला? त्या एवढ्या बायकांसमोर? नाय हो आत्याबाई. त्या काय शिकणार माझ्याकडून, पदर तोंडाला लावून हसतील. तुमी पहिल्या रांगेत बसाल? तरी बी — गौरा नाय म्हणंल. लग्नाआधी लोकांना कळलं तर ती मला या हत्तीसकट उचलून बाहेर टाकंल. तसं म्हणाल तर मंगळवारी मला काय नसतं. बुधवारी बी नसतं. सालं मीच आणीन, फेविकॉल तेवढं गटानं बघा. लगदा पहिल्याच दिवशी नको, हात बरबटले की नवी माणसं पळतात. आधी कमळ, मग चिमणी. पण नको. नकोच. आधी मांडव तर पार पडू दे.

मांडवात? मांडवात काय करणार तुमी? टेबलासमोर उभ्या राहून विचारणार, सगळ्यांच्या देखत? हे कुणी केलं म्हणून? आत्याबाई, तुमी वरपक्षाच्या, तुमाला कोण अडवणार. आणि मी कुठं असू? वरणाची बादली ठेवून तिथं यायचं? आणि काय सांगायचं? ...ते तर मला ठाऊक हाय, काय सांगायचं. जीभ वळायला पायजे ना. आता? आता म्हणून बघू? घरात कुणी नाय म्हणून चालतंय. विचारा. हां, विचारलंत — मी. मी केलं. ...नाय ऐकू आलं? मला बी नाय आलं. थांबा, उभा राहतो, बसून जमायचं नाय. कंपनीत मशीनच्या आवाजात कसं ओरडायचो, तसं पायजे. परत विचारा. मोठ्यानं विचारा, मांडवातल्यासारखं. हां —

मी केलं! सगळं मी केलं! हा हत्ती मी केला, ही कमळं मी केली, त्या वाकड्या मानेच्या चिमणीचा बाप मी हाय! संजनाच्या बापानं केलंय हे सगळं, या हातांनी!

...जमलं की हो! जमलं, आत्याबाई! काय झालं? माझ्या मागं काय बघताय?

...गौरे. कधी आलात गं तुमी? रिक्षाचा आवाज बी नाय आला.

संजू — अगं, रडतेस कशाला? बांगड्या भरताना हात लई दुखला काय?