भेगेवरची काच

—नाही साहेब, तिला हात नका लावू, सिमेंट ओलं आहे अजून. म्हणजे ओलं नाही तसं, काल कडेला जरा डागडुजी केली, एवढंच. तुम्ही आपलं लिहून घ्या—भिंतीच्या भेगेवर आडवी, वर तारीख, काच शाबूत. आठ वर्षं झाली, तुमच्या आधीच्या साहेबांनी स्वतः चिकटवली, आणि बोट रोखून मला म्हणाले, मावशी, फुटली तर तुम्हाला जबाबदार धरीन. पोरांचे चेंडू तुम्हाला ठाऊकच. तेव्हापासून रोज येता-जाता आधी हिच्याकडे बघते. झाडलोट, पाणी सगळं एकीकडे, आणि ही वीतभर काच एकीकडे.

काय म्हणालात? अकरावं वर्ष? बारा वर्षांचा दुरुस्तीचा आराखडा, आणि आमच्या शाळेचा नंबर अकराव्या वर्षी? एवढ्या शेवटी का हो? काच फुटली नाही म्हणून? म्हणजे भिंत सरकली की ती फुटते—फुटायलाच लावलेली असते?

बसते जरा. नको, पाणी नको. साहेब, एक विचारू, रागावणार नाही ना? समजा, फुटली असती तर? समजा हं. कुणाचा चेंडू नाही, धक्का नाही, आपली आपण, मधोमध, कट्कन. काय आहे, आमचे हे फोटोंना चौकटी करायचे. ते गेले, पण काचेचे तुकडे घरात पडलेत, कापायची हिरकणी आहे. पहिल्यांदा फुटलेली दिसली तेव्हा म्हटलं, गेली नोकरी. घरी जाऊन तेवढीच कापली, पांढऱ्या सिमेंटात बसवली, तारीखसुद्धा होती तश्शी काढली. अक्षर चांगलं आहे माझं, बाई लोक फळ्यावर सुविचार माझ्याकडूनच लिहून घेतात—

किती वेळा? असं काय विचारता हो. आधी वर्षातून एकदा. मग दोनदा. या सहामाहीत चार. सोमवारची दोन दिवससुद्धा टिकली नाही, म्हणून काल ही. मला वाटलं काचच हलकी, जुनी आहे ना. कुणाला सांगणार? आपलंच नाणं खोटं. कागदावर माझ्याविरुद्ध काय लिहायचं ते लिहा, मी सही करते.

पाढे ऐकू येतायत ना? पलीकडे तिसरीचा वर्ग आहे. अडतीस मुलं. माझी नात या भिंतीला पाठ लावून बसते, जागा बदल म्हटलं तर ऐकत नाही. म्हणते, आजी, इथे छान वारा येतो.

भिंतीतून, साहेब. खिडकी त्या अंगाला नाहीच.

तो फोन ठेवा, वरच्यांना मागाहून विचारा. मोठ्या बाईंनाही मीच सांगेन. सरा बाजूला—सरा म्हणते ना! मला घंटा द्यायचीय.