अकरा रविवारांची तिकिटे

पोलीस ठाणे, नागपूर. दिनांक २१ मार्च १९७९, सायंकाळी ७.१० वाजता.

मी, कृष्णकांत गिरिधर हरकरे, वय ५४ वर्षे, शिक्षण बी. कॉम., व्यवसाय नोकरी (मुख्य लिपिक, भांडार विभाग, कोराडी वीज केंद्र), राहणार सक्करदरा, नागपूर, समक्ष हजर होऊन विचारल्यावरून सांगतो की,

माझी मुलगी नीला, वय २२, अविवाहित आहे. दिवाळीनंतर कुहीचे एक स्थळ ती फार वाळकी म्हणून परत गेले. ३ जानेवारीस बुधवारच्या बाजारात भैय्याजी नावाने ओळखल्या जाणाऱ्या इसमाकडून मी अंग भरण्याच्या चूर्णाचा डबा घेतला. तो म्हणाला, "घेऊन जा गा बाबूजी. तीन महिन्यांत पोरीले वळखनार नाही तुमी." मात्रा त्याने रोज एक चमचा सांगितली.

७ जानेवारीपासून दर रविवारी मी नीलाला रेल्वे स्थानकावरील वजनाच्या यंत्रावर नेले. पहिली चार तिकिटे ३८ किलोची आहेत. म्हणून २८ जानेवारीपासून मी मात्रा दुप्पट केली. भैय्याजीने तसे सांगितले नव्हते. हे वाक्य वगळू नये.

११ फेब्रुवारीस वजन ४० भरले. मुलीला सूज आली. ४ मार्चला वजन ४४ होते. त्याच दुपारी कुहीची मंडळी पुन्हा आली. मुलाची आत्या यमुताई नीलाच्या गालाला हात लावून म्हणाली, "आता कशी भरली वं!" पसंती त्यांनी तिथेच सांगितली.

त्या आठवड्यात नीला म्हणाली, "बाबा, चप्पल पायात जाऊन नाही राहिली." मी एक नंबर मोठी चप्पल आणून दिली. पत्नी सत्यवती म्हणाली, "अहो, हे अंग नाही भरून राहिलं. बोट दाबलं का खड्डा पडते." मी तिला तिकिटे दाखविली.

१७ मार्चला डबा संपला. वाया जाऊ नये म्हणून मी तो पाण्याने विसळून ते पाणी नीलाला प्यायला दिले. १८ मार्चला वजन ४७ भरले. यंत्रावर चढताना तिने माझा खांदा धरला होता. तिचे डोळे पूर्ण उघडत नव्हते.

१९ मार्चला पहाटे तिला इस्पितळात दाखल केले. वाढलेले नऊ किलो हे पाणी आहे, दोन्ही मूत्रपिंडांना इजा झाली आहे, चूर्णात पारा असावा, असे डॉक्टरांनी सांगितले. उपचार ठरविण्यास चूर्णाचा नमुना त्यांना तातडीने हवा आहे. कालपासून तिला लघवी झालेली नाही. माझा डबा स्वच्छ आहे. आज बुधवार असूनही भैय्याजी बाजारात आला नाही. त्याचा पत्ता मला माहीत नाही. त्याचा आजच शोध घ्यावा, ही विनंती.

अकरा तिकिटे सोबत हजर करीत आहे. त्यांच्या मागे छापलेले भविष्य नीला वाचत असे. मी वाचलेले नाही.

वरील जबाब मला मोठ्याने वाचून दाखविण्यात आला. ११ फेब्रुवारीच्या वजनापुढे 'मुलीची प्रकृती सुधारली' असे लिहिले होते. मी तसेच सांगितले होते. ते खोडून 'मुलीला सूज आली' असे करून घेतले व खोडलेल्या जागी सही केली. बाकी मजकूर मी सांगितल्याप्रमाणे बरोबर आहे.

(सही) कृ. गि. हरकरे