सासऱ्यांचं रिव्हॉल्व्हर

...आणि वर पोलीस त्यालाच विचारतात, लायसन कुठंय! आता तुम्हीच सांगा, माणूस आपल्या पायानं हत्यार जमा करायला गेलाय, आणि त्यालाच दम? ह्यात विद्याधरचं काय चुकलं?

थांबा, नीट सांगतो. विद्याधर म्हणजे आमचा शेजारी, मुलुंडला, विमा कंपनीत कारकून, इतका सरळ की रस्ता ओलांडताना रिक्षावाल्याला 'जाऊ का?' विचारणारा. त्याचे सासरे भाऊराव, भांडुपच्या एका कारखान्यात सिक्युरिटी ऑफिसर होते, ते चौऱ्याऐंशी साली गेले. दिवसकार्य आटोपलं, सासूबाईंनी, पद्मजाबाईंनी, कपाट आवरायला घेतलं, तर धोतराच्या घडीखाली रिव्हॉल्व्हर! लायसन होतं हो, रीतसर होतं, पण भाऊरावांच्या नावावर, आणि भाऊराव तर... गेले ना!

आता मेहुणा, श्यामकांत. हा म्हणजे पाण्याचा पंप कुणी बंद केला एवढ्यावरनं वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या शहांची कॉलर धरणारा माणूस. त्यानं ते उचललं आणि पायजम्याच्या नाडीत खोचलं. वजनानं पायजमा खाली आला, पण ऐट बघा!

"कशाला जमा करायचं? घरात असलं की धाक असतो!"

विद्याधर म्हणाला, "अरे, पण लायसन?"

"बाबांचं आहे की!"

"ते बाबांना होतं रे. त्यांना चालवायला शिकवलं होतं. तू कधी हातात तरी धरलंयस?"

"त्यात शिकायचं काय? पिक्चरमध्ये बघतो ना!"

"अरे, साध्या स्कूटरला लायसन लागतं, आठचा आकडा काढून दाखवावा लागतो, तिथं तू दोनदा पाय टेकलास..."

झालं! स्कूटरचं काढलं आणि श्यामकांतचं डोकं फिरलं, त्यानं नळी थेट विद्याधरच्या पोटाला लावली. "रिकामं आहे रे, घाबरतोस काय असा!" आणि हसला. उत्तरा हसली, म्हणजे विद्याधरची बायको, ह्याची सख्खी बहीण, तीही हसली! मग विद्याधरही हसला. काय करणार? ह्यात त्याचं काय चुकलं?

दुसऱ्या दिवशी श्यामकांत कामावर गेल्याबरोबर पद्मजाबाईंनीच ते पंच्यात गुंडाळलं. "जावईबापू, आधी हे घरातनं न्या." नायलॉनची पिशवी, खाली रिव्हॉल्व्हर, वर मेथीची जुडी, आणि रिक्षा... अहो, प्रत्येक खड्ड्याला विद्याधर डोळे मिटून घेत होता!

चौकीत हवालदार विचारतो, "काय आणलंय?"

"रिव्हॉल्व्हर."

"क्काय? कुणाचं?"

"सासऱ्यांचं. ते वारले."

"मग तुमचं लायसन?"

"नाही."

"म्हणजे बिगरलायसन हत्यार घेऊन भर बाजारातनं आलात? गुन्हा आहे हा!"

"मग परत नेऊ?"

"परत नेलंत तर दुसरा गुन्हा!"

"मग ठेवून घ्या ना!"

"साहेब आल्याशिवाय मी हात लावणार नाही!"

आता बोला! बसला बिचारा बाकावर, मांडीवर पिशवी, मेथी सुकत चाललीय, उठायची सोय नाही... हवालदार लांबूनच विचारतो, "लोडेड आहे का हो?"

"मेहुणा म्हणतो, रिकामं आहे."

"त्याला कळतं त्यातलं?"

"पिक्चर बघतो."

हवालदार गपचूप दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

अखेर साहेब आले. त्यांनी मेथी बाजूला केली, पंचा सोडला, काय दाबलं, काय फिरवलं, आणि टेबलावर काडतुसं पडली... टण्... टण्...

"कोण म्हणालं रिकामं?"

विद्याधरचा हात आपोआप पोटावर गेला, काल नळी लागली होती तिथं, आणि ते बघून साहेबांनीच त्याला खुर्ची दिली, पाणी पाजलं, हत्यार जमा करून घेतलं आणि घरी पाठवलं.

संपलं? छे! श्यामकांत पेटला. "माझ्या बापाची वस्तू!" त्यानं स्वतःच्या नावानं लायसनचा अर्ज ठोकला, आणि ओळखीचा माणूस म्हणून नाव कुणाचं दिलं? विद्याधरचं! तोच हवालदार चौकशीला घरी. "मेहुण्याचा स्वभाव कसा आहे हो?" स्वयंपाकघरात भांडी वाजायची थांबली. उत्तरा दारात येऊन उभी, डोळे वटारून. 'शांत आहे' म्हटलं की सुटला होता हो माणूस! पण त्याला काही ते म्हणवेना.

"नका देऊ," तो म्हणाला. "तापट आहे. आणि शिकायचीही तयारी नाही."

अर्ज नामंजूर! तेव्हापासून श्यामकांत ह्याचं तोंड बघत नाही. उत्तरा ताट वाढते, पण शब्द नाही. सासूबाई चारचौघांत मान फिरवतात. सांगा ना, ह्यात विद्याधरचं काय चुकलं?

परवा त्याच सासूबाईंनी त्याला जिन्यात गाठलं, इकडंतिकडं बघितलं आणि कुजबुजल्या, "जावईबापू, फार बरं केलंत हो. पण मी असं म्हटलं, हे घरात कुणाला बोलू नका."

विद्याधर म्हणाला, "आई, बोलणार कुणाशी?"