घोंगड्यांखालचे आरसे

पुलेंग : न्ताते, मैत्रिणींनी पैज लावलीय, की वडिलांना हे विचारायची माझी छातीच होणार नाही. तर घ्या, विचारतेच! आरशांवर घोंगड्या असताना दवाखान्यातला दिवा जळतो कशावर?

तेबोहो : झालं! शाळाभर बोभाटा झाला वाटतं? अगं, आरशांनी उन्हावर तापवलेलं तेल टाकीतल्या दगडांत ऊब साठवतं. त्याच उबेवर इंजिन फिरतं, वीज होते.

मापुलेंग : आणि घोंगड्या मी घातल्यात, लेकी. आरसे फिरवणारे मोखेले आजोबा गेले. माती होईपर्यंत चकाकणारं काही उघडं ठेवायचं नसतं.

पुलेंग : ते ठीक, म्मे. पण आम्ही टाकीला हात लावून पाहिला. नदीतल्या धोंड्यासारखी गार! आणि इंजिन आपलं गुणगुणतंय!

तेबोहो : हात लावला? कुणाला विचारून?

पुलेंग : विचारलं असतं तर लावू दिला असतात का? आणि पुढचं ऐका. सकाळी घोंगड्यांची तोंडं डोंगराकडे होती. आता दरीकडे आहेत. सूर्य तिकडे, आरसेही तिकडे.

तेबोहो : वारा असेल.

पुलेंग : वाऱ्याने फिरतात? मग आजोबा हँडल मारून घाम कशाला गाळायचे?

मापुलेंग : अहो, न्ताते तेबोहो... मीही पाहिलं. हँडल फिरत होतं. जवळ कुणी नव्हतं.

तेबोहो : तुम्ही दोघी तोंड बंद ठेवा! ही यंत्रं विकायला फिरतोय त्याला दोन हिवाळे गेले, एक खपलं नाही. उद्या पलीकडच्या गावचे प्रमुख, खुद्द मोरेना येतायत. त्यांनी मान डोलावली की अख्खं गाव घेईल. झाकलं तरी चालतं, हे त्यांना दिसू दे. आणखी काय सांगायला हवं?

पुलेंग : आणि त्यांच्या गावात कोण मेलंय, यंत्र फिरवायला?

मापुलेंग : पुलेंग!

पुलेंग : खरंच विचारतेय, म्मे. तिथं एखादी बाई अडली, बाळ अर्धं बाहेर, आणि दिवा गेला तर?

(बाहेर हँडल करकरतं. थांबतं. पुन्हा करकरतं.)

मापुलेंग : ऐकलंत? दिवस कलला, हात भरून आले, की मोखेले आजोबांच्या हातात ते असंच अडकत करकरायचं.

तेबोहो : त्यांना... त्यांना कुणी सांगत का नाही, की आता पुरे?

मापुलेंग : कोण सांगणार? उद्याचा सौदा तुम्ही त्यांच्याच खांद्यावर टाकलाय.

पुलेंग : माझं ठरलं. न्ताते, म्मे, काय रागवायचं ते रागवा. उद्या मोरेनांना मीच सांगणार, की हे फिरवायला जिवंत माणूस लागतो. आणि मोखेले आजोबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यांदा सांगणार.